माकोव्स्कीच्या मेजवानीतली नवरी खरंच दुःखी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचीच्या लग्नात भेट म्हणून एका जुन्या रशियन चित्राची मोठी प्रिंट द्यायची आहे. चित्र कॉन्स्तान्तिन माकोव्स्की या चित्रकाराचं, बोयार घराण्यातल्या लग्नाच्या मेजवानीचं, 1883 सालचं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते टाकल्याबरोबर आत्याबाईंनी हरकत घेतली: नवरी रडवेली आहे, लग्न बळजबरीचं दिसतंय, नव्या संसारात असलं चित्र कशाला? त्यावर एका चुलतभावानं पुस्ती जोडली की रशियन चित्रांतल्या नवऱ्या मुली सगळ्या अशाच रडक्या असतात. मग आत्याबाईंचं बरोबर का, आणि त्या चित्रात चाललंय तरी काय?

मी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना रसग्रहण शिकवते आणि हे चित्र वर्गात दरवर्षी लावते, तेव्हा जरा सविस्तर सांगते. आत्याबाईंचं चुकलंय, पण उगाच चुकलेलं नाही. तुम्ही ग्रुपवर टाकलेली प्रतिमा मी पाहिली. ती कापलेली आहे. नवरा, नवरी आणि आजूबाजूचे दोन-चार चेहरे एवढंच तिच्यात उरलंय. मूळ चित्र 236 बाय 391 सेंटीमीटरचं आहे, म्हणजे रुंदीला जवळजवळ चार मीटर. त्यातून एवढासा तुकडा काढला तर खाली बघणारी एक मुलगी उरते आणि मग बघणारा आपल्याला हवी ती गोष्ट तिला चिकटवतो.

आता पूर्ण चित्र उघडा. लांबलचक टेबल, त्याच्याभोवती जरीच्या कपड्यांतली पाहुणेमंडळी. बरेच जण उभे राहिलेत, प्याले उंचावलेत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. टेबलाच्या टोकाशी नवरा-नवरी उभे आहेत. नवरा तरुण आहे आणि तो टक लावून तिच्याकडे बघतोय. नवरीची नजर खाली. तिच्या पाठीशी एक वयस्क बाई आहे, ती तिला हळूच पुढे सरकवते आहे. आणि मागच्या बाजूनं एक नोकर भलं मोठं ताट घेऊन येतोय, त्यात अख्खा भाजलेला राजहंस.

चित्राची किल्ली त्या राजहंसात आहे. श्रीमंत रशियन घरच्या लग्नात राजहंस आला की जेवण संपत आलं असं समजायचं. त्यानंतर जोडप्याला शयनगृहाकडे पाठवायचं. पाहुण्यांना हे माहीत आहे, म्हणून ते ओरडताहेत, ‘गोर्को! गोर्को!’ म्हणजे दारू कडू लागतेय, गोड करा. आणि ती गोड कशानं होणार, तर जोडप्यानं सगळ्यांसमोर चुंबन घेतलं की. आपल्याकडे नवरीला गराडा घालून ‘नाव घे, नाव घे’ म्हणतात आणि ती पदराशी चाळा करत खाली बघत राहते, तोच हा क्षण, फक्त मागणी जरा जास्त धिटाईची. मागची बाई म्हणजे लग्न पार पाडणारी ‘स्वाखा’. मध्यस्थी करणं, नवरीला सजवणं, तिला काय करायचं ते सांगणं ही सगळी तिची कामं. ती नवरीला जबरदस्तीनं ढकलत नाहीये, धीर देतेय. तिच्या हाताकडे नीट बघा, म्हणजे लक्षात येईल.

राहिली खाली वळलेली नजर. हा प्रसंग माकोव्स्कीनं सतराव्या शतकात नेऊन ठेवलाय, झार पीटरच्या आधीच्या रशियात. बोयार म्हणजे तिथले बडे सरदार. त्यांच्या बायका-मुली घराच्या वेगळ्या भागात, ‘तेरेम’मध्ये राहायच्या, परक्या पुरुषांच्या नजरेआड. लग्न आईबाप ठरवायचे आणि बहुतेक वेळा नवरानवरीनं लग्नापर्यंत एकमेकांना पाहिलेलंच नसायचं. पीटरनं 1702 मध्ये हुकूम काढला की लग्नाआधी निदान सहा आठवडे वाङ्निश्चय व्हावा, म्हणजे मुलामुलीला एकमेकांना बघता येईल आणि नको असेल तर मोडता येईल. असा हुकूम काढावा लागला, यावरूनच आधी काय चालायचं ते कळतं. अशा घरात वाढलेल्या मुलीनं भरल्या मेजवानीत मान वर करून नवऱ्याकडे बघितलं असतं, तर तो निर्लज्जपणा ठरला असता. तिचं खाली बघणं ही त्या घरची रीत आहे. त्या रीतीआड तिला काय वाटत होतं, ते माकोव्स्कीनं मुद्दामच झाकून ठेवलंय. नवऱ्याच्या चेहऱ्यावरची अधीरता मात्र त्यानं अजिबात झाकलेली नाही.

आता एक गोष्ट मी विद्यार्थ्यांनाही सांगते, तुम्हालाही सांगते. हे चित्र सतराव्या शतकाचा पुरावा म्हणून वापरू नका. ते 1883 सालचं आहे आणि 1883 सालच्या लोकांना काय हवं होतं ते सांगतं. त्याच वर्षी मॉस्कोत झार तिसऱ्या अलेक्झांडरचा राज्याभिषेक झाला आणि दरबारी वर्तुळात पीटरपूर्व, ‘अस्सल’ रशियाचं मोठं वेड होतं. ते पुढे इतकं वाढलं की 1903 मध्ये हिवाळी राजवाड्यात जो वेशभूषेचा बॉल झाला, त्यात खुद्द झार दुसरा निकोलस सतराव्या शतकातल्या झार अलेक्सेईच्या वेशात आला होता. अभ्यासाची बाजूही तयार होती. कोस्तोमारोव्ह, झाबेलिन या इतिहासकारांची जुन्या रशियातल्या घरगुती जीवनावरची पुस्तकं 1860 च्या दशकात येऊन गेली होती. माकोव्स्की स्वतः जुने पोशाख, शिरोभूषणं, चांदीची भांडी जमवायचा. त्यामुळे चित्रातल्या वस्तू खऱ्या वाटतात आणि पुष्कळशा आहेतही. पण सगळे एकाच वेळी, सगळ्यात भारी कपड्यांत, सगळे देखणे, बायका तर एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात अशा! हे रंगभूमीवरचं दृश्य आहे. एरवीच्या बोयार मेजवानीत बायका पुरुषांच्या पंगतीला बसतच नसत. घरधनीण येऊन पाहुण्याला पेला द्यायची आणि परत आत जायची. गंमत म्हणजे ती रीतही माकोव्स्कीनं रंगवली, 1895 मध्ये.

या माणसाची कारकीर्दही मजेशीर आहे. नोव्हेंबर 1863 मध्ये पीटर्सबर्गच्या शाही कला अकादमीत सुवर्णपदकाच्या स्पर्धेसाठी विषय दिला गेला, ‘वल्हाल्लातली मेजवानी’. उत्तरेकडच्या देवांची पंगत. चौदा विद्यार्थ्यांनी विषय आम्हीच निवडणार म्हणत स्पर्धेतून अंग काढून घेतलं आणि अकादमी सोडली. त्यांचा म्होरक्या क्राम्स्कोई. त्या चौदांत माकोव्स्की होता. पुढे 1870 मध्ये फिरती प्रदर्शनं भरवणाऱ्या ‘पेरेद्विझ्निकी’ मंडळींची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही तो होता. मग मात्र त्याची वाट बदलली. देवांच्या पंगतीला नाही म्हणणाऱ्यानं वीस वर्षांनी सरदारांची पंगत रंगवली, आणि ती तुफान चालली. 1885 मध्ये अँटवर्पच्या जागतिक प्रदर्शनात तिला पदक मिळालं, अमेरिकेतल्या चार्ल्स विल्यम शूमान नावाच्या जवाहिऱ्यानं ती विकत घेतली आणि आज ती वॉशिंग्टनच्या हिलवूड संग्रहालयात आहे. हिलवूड म्हणजे मार्जोरी मेरिवेदर पोस्ट या धनाढ्य अमेरिकन बाईंचं एके काळचं राहतं घर. नवरा मॉस्कोत अमेरिकेचा राजदूत असताना या बाईंना रशियन वस्तूंचा नाद लागला. एका जवाहिऱ्याला हे चित्र आवडावं यात नवल नाही. त्यात जडजवाहीर इतकं आहे की चित्रातल्या माणसांइतकंच ते नजर वेधून घेतं.

जवाहिरावरून आठवलं, मोत्यांकडे जवळून बघा. उत्तर रशियाच्या नद्यांत गोड्या पाण्याचे मोती मिळायचे आणि बायकांच्या उंच शिरोभूषणांवर ते पसाभर शिवलेले असायचे. माकोव्स्की एकेक मोती गोल काढत बसत नाही. खाली करड्या रंगाचा मधला टोन, त्यावर एका बाजूला जाड पांढऱ्याचा टिपका, आणि समोरच्या कडेला शेजारच्या कापडाचा किंचित उबदार परावर्तित रंग. मोती झाला. दोन पावलं मागं गेलात तर अख्खी झालर लखलखते, नाक लावून पाहिलंत तर नुसते ठिपके. जरीचंही तेच. मोबाइलच्या पडद्यावर हे सगळं चपटं होतं. फोटो जास्त उजळ केलेला असेल तर सावल्यांतली ऊबही जाते, चेहरे फिके पडतात आणि फिकी नवरी आणखीच दुःखी दिसते.

आता चुलतभावाचं म्हणणं. रशियन चित्रांतल्या सगळ्या नवऱ्या मुली रडक्या. हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे, कारण याच विषयावरची सगळ्यात गाजलेली दोन चित्रं खरोखरच दुःखी आहेत.

पहिलं वासिली पुकिरेव्हचं ‘विजोड विवाह’, 1862 सालचं, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत. इथे मेजवानी नाही, चर्च आहे. म्हातारा, सुरकुतलेला, छातीवर मानचिन्हं मिरवणारा नवरा, कोवळी नवरी, आणि सोनेरी झग्यातला वाकलेला पाद्री तिच्या बोटात अंगठी घालण्याच्या बेतात. इथेही तिची नजर खालीच आहे. मग फरक कसा ओळखायचा? तिचे हात बघा. पाद्र्यासमोर धरलेला हात लुळा आहे, जणू तो तिचा नाहीच. दुसऱ्या हातातली पेटती मेणबत्ती खाली कलली आहे. लग्नविधीतली मेणबत्ती सरळ, नीट धरायची वस्तू. तिला तेवढंही भान नाही. पापण्या सुजलेल्या. नवरा तिच्याकडे तिरक्या नजरेनं, मान न वळवता बघतोय आणि त्या नजरेत प्रेम नाही, दरडावणी आहे. तिच्या मागे एक तरुण हाताची घडी घालून उभा आहे. हा कोण यावर मॉस्कोत तेव्हापासून चर्चा आहे. कोणी म्हणतं खुद्द पुकिरेव्ह, कोणी म्हणतं त्याचा मित्र, ज्याची प्रेयसी दुसऱ्याला दिली गेली. खरं काहीही असो, चित्रात त्याचं काम एकच: इथे काहीतरी चुकतंय हे दिसणारा माणूस हजर आहे, एवढं सांगणं.

याच्यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण काळ महत्त्वाचा आहे. 1861 मध्ये रशियातली भूदास पद्धत, म्हणजे शेतकरी जमीनदाराच्या मालकीचे असण्याची पद्धत, कायद्यानं संपली. पुकिरेव्ह स्वतः शेतकरी घरातला. माणसाची खरेदी-विक्री थांबली म्हणता ना, मग लग्नाच्या नावाखाली हे काय चाललंय, असा त्या चित्राचा रोख होता आणि बघणाऱ्यांना तो बरोबर लागला. घरगुती विषयावरचं चित्र एवढ्या मोठ्या आकारात, 173 बाय 136.5 सेंटीमीटर, रंगवणं हेच तेव्हा धाडस होतं. तरी अकादमीनं 1863 मध्ये त्याला प्राध्यापकपद दिलं. चित्रकार इल्या रेपिननं लिहून ठेवलंय की या चित्रानं कित्येक म्हाताऱ्या जनरलांचं रक्त आटवलं, आणि इतिहासकार कोस्तोमारोव्हनं तर ते पाहून एका तरुण मुलीशी लग्न करण्याचा बेत रद्द केला. हो, तोच कोस्तोमारोव्ह, ज्याचं पुस्तक वर आलं. (पुढे 1875 मध्ये त्यानं आपल्या जुन्या वाग्दत्त वधूशी लग्न केलं, ती तोवर विधवा झाली होती. ही गोष्ट सांगितली की वर्गात दरवेळी टाळ्या पडतात.)

दुसरं फिर्स झुराव्लेव्हचं ‘लग्नाआधी’, 1874 सालचं. व्यापाऱ्याचं श्रीमंत घर. लग्नाच्या पांढऱ्या पोशाखातली मुलगी जमिनीवर बसून रडते आहे आणि बाप तिच्याजवळ उभा आहे. हा झुराव्लेव्हही अकादमी सोडणाऱ्या त्या चौदांपैकीच. म्हणजे एकाच बंडातले दोन सोबती; एकानं कोसळलेली नवरी रंगवली, दुसऱ्यानं नऊ वर्षांनी मोत्यांनी मढवलेली.

पण थांबा, रडण्याचंही एक प्रकरण आहे, आणि इथे परदेशी लेखकसुद्धा फसतात. रशियन खेड्यांत नवरीनं लग्नाआधी रडणं हा विधीच होता. मैत्रिणी जमायच्या, नवरी सूर लावून विलाप म्हणायची, आईबापांचा, कौमार्याचा, एका वेणीचा निरोप घ्यायची. लग्नानंतर केसांच्या दोन वेण्या करून वर टोपडं चढवायचं असे. विलाप रचून म्हणणाऱ्या जाणत्या बाया असत. ओनेगा सरोवराकाठच्या इरिना फेदोसोवाचे विलाप बार्सोव्ह या संग्राहकानं उतरवून घेतले, त्यांचे खंड 1872 पासून छापले गेले. 1896 मध्ये निझ्नी नोव्हगोरोदच्या प्रदर्शनात या निरक्षर म्हातारीनं ते सभागृहात म्हटले, तेव्हा ऐकणाऱ्यांत लेखक मक्सिम गोर्की होता. म्हणही होती की बोहल्याआधी रडून घेतलं नाहीस तर नंतर रडावं लागेल. तेव्हा रशियन नवरी रडते आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

मग झुराव्लेव्हची नवरी विधी म्हणून रडते की खरंच? आजूबाजूला बघा. विधीच्या रडण्याला सोबत असते. मैत्रिणी बरोबरीनं गातात, बायका सूर धरतात, सगळ्यांना आपापली जागा माहीत असते. झुराव्लेव्हच्या चित्रात तिच्या सुरात सूर मिसळणारं कोणी नाही. ती एकटी रडते आहे आणि घरच्यांना ते रडणं अडचणीचं वाटतंय. हीच कसोटी माकोव्स्कीला लावा. तिथे नवरी खाली बघते आणि अख्खी पंगत तिच्या त्या खाली बघण्यात मजेनं सामील आहे. त्यामुळे नवरीच्या चेहऱ्यावर मी निकाल देत नाही. आधी तिचे हात, मग तिच्या सगळ्यात जवळचा माणूस, मग बाकीची गर्दी कुठे बघते ते. चेहरा सगळ्यात शेवटी.

चुलतभावाला एक वेगळं चित्रही दाखवा: वासिली माक्सिमोव्हचं ‘शेतकऱ्याच्या लग्नात मांत्रिकाचं आगमन’, 1875. हेही त्रेत्याकोव्हमध्येच. लाकडी घर, आत लग्नाचा आनंद, आणि तेवढ्यात बाहेरच्या हिमातून गावचा मांत्रिक आत येतो, डोक्यावरची टोपी न काढता. देवाच्या तसबिरी असलेल्या घरात टोपी न काढणं म्हणजे उघड उद्धटपणा. पण त्याला हाकलायची कोणाची छाती? त्यानं जोडप्याला नजर लावली तर? म्हणून त्याला मान देऊन, ब्रेड आणि मीठ पुढे करून आत घेतलं जातंय. इथे नवरी दुःखी नाही, सगळं घर धास्तावलंय. माक्सिमोव्ह शेतकऱ्याचाच मुलगा होता, लहानपणीच पोरका झालेला, देवाच्या तसबिरी रंगवण्याच्या कारखान्यात हात बसलेला. खेडं त्यानं पाहुणा म्हणून पाहिलं नव्हतं. मला विचाराल तर लग्नाच्या रशियन चित्रांत हेच माझं सगळ्यात आवडतं. माकोव्स्कीच्या चित्रात वस्तू जास्त आहेत, माक्सिमोव्हच्या चित्रात माणसं. तरी लग्नात भेट म्हणून मी ते देणार नाही, दारात मांत्रिक उभा असलेलं चित्र बघून तुमच्या आत्याबाईंना घेरीच यायची.

तेव्हा माकोव्स्कीच द्या. फक्त प्रिंट काढताना काही गोष्टी सांभाळा. कापलेली प्रतिमा घेऊ नका. हिलवूड संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र पूर्ण दिसतं, ते समोर ठेवून दुकानातली प्रतिमा ताडून बघा. राजहंस आणि मागची स्वाखा दोन्ही दिसलीच पाहिजेत, नाहीतर आत्याबाई पुन्हा जिंकतील. प्रमाण साधारण तीनास पाच आहे, त्यामुळे उंची दोन फूट घेतलीत तर रुंदी सव्वातीन फुटांच्या पुढे जाईल. भिंत आधी मोजा. चकचकीत कागद नको, त्यावर ट्यूबलाइट चमकेल आणि काळपट भाग दिसणारच नाहीत. मॅट कागद किंवा कॅनव्हास प्रिंट घ्या. छापण्याआधी दुकानदाराला सांगा की रंग ‘ब्राइट’ करू नकोस. त्या पिवळसर उबदार सावल्या तशाच राहू देत. आणि भेटीसोबत एक चिठ्ठी ठेवा, राजहंस कशासाठी आणलाय ते लिहून. भाचीला नाही कळलं तर जावईबापू वाचतील.